आई कारखान्याला, दप्तर गावात

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या गावांमधले शाळेचे वर्ग हळूहळू रिकामे होऊ लागतात. आज तिसऱ्या रांगेतली दोघं नाहीत, उद्या खिडकीजवळ बसणारा नाही. दिवाळीची सुट्टी संपते, गुरुजी हजेरीपट उघडतात, नाव पुकारतात आणि “हजर सर” असं उत्तर यायच्या जागी मागच्या बाकावरून दुसरंच कुणीतरी सांगतं, “गेला सर, कारखान्याला.”

शहरातल्या माझ्या दोस्तांनो, तुम्ही विचाराल, चौथीतला मुलगा कारखान्यात जाऊन करतो तरी काय? कारखान्यात तो जातच नाही. तो जातो उसाच्या फडात. आपल्या चहात जी साखर पडते, तिचा ऊस कुणीतरी हातानं तोडलेला असतो. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या कोरडवाहू भागातून लाखो माणसं दर वर्षी त्यासाठी घर सोडतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी सातारा, पुणे, सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेली माणसं परत येतात ती मार्च-एप्रिलात. म्हणजे शाळेचं जवळजवळ एक पूर्ण सत्र, आणि त्याच्याही पलीकडे थोडं.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

या धंद्याची भाषा मोठी मजेशीर आहे, आणि नीट ऐकली तर जरा अंगावर येते. इथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि कोयत्यामागे ‘उचल’ देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती कुणाच्या लग्नात जाते, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या जुन्या कर्जात. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. ‘यंदा नाही येत’ असं म्हणायची सोय राहत नाही.

आईवडील दोघंही निघाले की मुलाचं काय? ट्रकवर भांडी चढतात, गोधड्या चढतात, पत्र्याची पेटी चढते, एखादी शेळी चढते आणि तिच्या शेजारी मूलही चढतं. तिकडे गेल्यावर पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. थंडीत पहाटे आईवडील फडात जातात. मूल मोठं असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळतं, पाणी आणतं, वाढे गोळा करतं. (वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ते चारा म्हणून विकले जातात.) धाकटं असेल तर ते फडाच्या कडेला झोळीत झोपतं.

तिकडच्या शाळेत घालता येत नाही का? येतं की. १९९० च्या दशकात काही स्वयंसेवी संस्थांनी साखर कारखान्यांच्या आवारात ‘साखरशाळा’ चालवल्या. पुढे शिक्षण हक्काचा कायदा आला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि धोरण असं ठरलं, की मूल जिथं जाईल तिथल्या नेहमीच्या शाळेनं त्याला दाखल करून घ्यावं. त्यासाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ही निघालं. पण फड आज इथं तर पंधरा दिवसांनी दहा कोसांवर. शाळा रस्त्याच्या पलीकडे दूर. आणि टोळी जर कर्नाटकात गेली असेल तर फळ्यावर कन्नड! आपल्या तिसरीतल्या पोरानं काय वाचायचं?

म्हणून दुसरी एक युक्ती निघाली आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. मुलाला पाठवायचंच नाही. आईवडील जाऊ देत, मूल गावातच आजी-आजोबांकडे राहू दे, आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण व अभ्यास शाळेत होऊ दे. याला म्हणतात ‘हंगामी वसतिगृह’. सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून ही वसतिगृहं चालू आहेत. वसतिगृह म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर इमारत, लोखंडी पलंग, घंटा असं काही आलं असेल तर ते पुसून टाका. इथे असतो शाळेचा एखादा वर्ग, एक चूल नाहीतर गॅसची शेगडी, गावातलीच एक स्वयंपाकीण बाई, भाकरी, वरण, भाजी आणि रात्री अभ्यासाला एक दिवा. बरीच मुलं झोपायला आजीकडेच जातात.

यासाठी लागणारे पैसे सरकारी असतात. आणि ते येतात कसे, बघतं कोण, हाच आजचा आपला विषय आहे. कंटाळवाणा वाटतोय? थांबा जरा. मलाही वाटत होता.

यादीचा प्रवास

सगळं सुरू होतं एका यादीपासून. कोणाचे आईवडील जाणार, कोणतं मूल मागे राहणार, याची पाहणी शाळेतले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती करतात. ती यादी केंद्रप्रमुखांकडे जाते, तिथून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. मंजुरी त्याच जिन्यानं खाली उतरते. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावर यायचे, समितीनं किराणा भरायचा, स्वयंपाकिणीचं मानधन द्यायचं आणि हिशेब ठेवायचा.

ही समिती काय चीज आहे ते समजून घ्या, कारण तुमच्या शाळेतही ती असणार. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण हिस्सा, म्हणजे चारातले तीन सभासद, पालक असतात. निम्म्या सभासद बायका असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधलाच. शाळेचा कारभार नीट चाललाय का ते बघणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि शाळेला मिळालेला पैसा कुठं गेला यावर लक्ष ठेवणं, ही कामं कायद्यानंच तिला नेमून दिली आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात या समितीवर शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांनाही घेतात. त्यात किमान एक मुलगी. विचारून बघा तुमच्या शाळेत, ते दोघं कोण आहेत. मी विचारलं तेव्हा एका शाळेत हेडमास्तरांनाच आठवेना!

कायद्याच्या कलम ९ मध्ये आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेणं हेही. ‘स्थानिक प्राधिकरण’ हा शब्द जडशीळ आहे, पण अर्थ सोपा : जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायत. म्हणजे तुमच्या आईवडिलांनी मत देऊन निवडलेली माणसं.

कागदावर पाहिलं तर व्यवस्था कशी झकास आहे! खाली पालक बघतात, वर जिल्हा परिषद बघते.

२०२३ च्या हंगामात मी अशा एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या गुरुजींना त्रास व्हायला नको. डिसेंबरातली संध्याकाळ होती. शाळेच्या ओसरीत मुलं गोल करून बसली होती, स्टीलच्या ताटांत बाजरीची भाकरी आणि पिठलं. तीन-चार आज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चौथी-पाचवीतली मुलं भाकरी चुरून खात होती, आणि जेवण संपल्यावर ताट कुणी कुणाचं धुवायचं यावरून जोरदार भांडण चालू होतं. सगळं कसं छान दिसत होतं. मी वहीत तसं लिहूनही टाकलं.

तेवढ्यात सहावीतली एक मुलगी आली. समितीवरच्या दोन विद्यार्थ्यांपैकी ती एक. तिच्या हातात चौकटींची वही होती, गणिताला वापरतात तसली. ती म्हणाली, “तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हे बघा.”

वहीत दोन तारखा होत्या. ‘गाडी गेली : १८ नोव्हेंबर. जेवण सुरू : ११ डिसेंबर.’

“मधी तेवीस दिवस होतात,” ती म्हणाली. “मी तीनदा मोजले.”

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खाली पाहत होते. यादी त्यांनी वेळेत पाठवली होती. मंजुरी उशिरा आली. किराणा दुकानदार उधारी द्यायला तयार नव्हता, कारण मागच्या वर्षीचीच बाकी होती. शेवटी ११ डिसेंबरला जेवण सुरू झालं ते गुरुजींनी स्वतःच्या पगारातून पीठमीठ आणलं म्हणून. दुपारची खिचडी शाळेत मिळते, पण तेवीस दिवसांतले काही दिवस दिवाळीच्या सुट्टीचे होते, तेव्हा तीही नाही. एका आजीनं सांगितलं, “लेकरू ठिवून घेतलं खरं, पर माझंच रेशन माझ्या एकटीचं. दोघांला कुठून पुरायचं?”

वहीच्या पुढच्या पानावर सात नावं होती. प्रत्येक नावापुढे एक तारीख. ही सात मुलं आधी आजीकडे राहिली होती. मग कुणाच्या आईचा फोन आला, कुणाचा मामा तिकडे निघाला होता, आणि एकेक करून ती फडावर गेली. वसतिगृह सुरू होईपर्यंत त्यांना थांबवता आलं नाही.

मंजूर यादीत एकेचाळीस नावं होती. ओसरीत जेवायला होती चौतीस.

आता गंमत बघा. (गंमत कसली!) तुम्ही मोठ्यांच्या वर्तमानपत्रात वाचलं असेल, की हंगामी वसतिगृहांत बोगस नावं दाखवून पैसे उचलतात. असं होतं, खोटं कशाला सांगू? म्हणून तर काही ठिकाणी मुलांच्या अंगठ्याची यंत्रावर हजेरी घ्यायला सुरुवात झाली. पण या गावात कुणी चोर नव्हता. यादी केली तेव्हा ती अगदी खरी होती. कार्यालयांतून फिरून परत येईपर्यंत ती खोटी झाली. आता गुरुजींनी सात नावं कापली, तर चाळीस मुलांच्या हिशेबानं ठरवलेली बाई, गॅस, सामान सगळ्याची ओढाताण. नाही कापली, तर तपासणीला येणारा साहेब म्हणणार, मास्तर सात जणांचं खातो. आणि ज्या दिरंगाईनं ही सात मुलं फडावर गेली, तिचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. ते फक्त त्या मुलीच्या वहीत होतं.

मी विचारलं, “समितीत हा विषय काढला नाही का?”

मुलगी हसली. “समिती कारखान्याला गेली ना!”

खरंच की! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चारातले तीन सभासद पालक. आणि पालक तर दोन-तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत होते. अध्यक्षसुद्धा. ज्या सहा महिन्यांत पैशांवर नजर ठेवायची, नेमक्या त्याच सहा महिन्यांत नजर ठेवणारे गावात नाहीत. मुंबई-दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांनी आईवडील घरी असतात असं धरूनच तो लिहिला होता.

आण्यातला तिसरा हिस्सा

शाळेचा पैसा आणि त्याच्यावर कुणाची नजर, हे भांडण काही आजचं नाही. जरा मागे जाऊ.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून जमीन महसुलावर आणखी एक कर घेत. एका रुपयाला एक आणा. त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. त्या आण्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि एक हिस्सा शाळांना. म्हणजे शाळेचा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येत होता, आणि शाळेत शेतकऱ्याचं पोर मात्र जवळजवळ नव्हतं. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगापुढे निवेदन दिलं आणि नेमका हाच मुद्दा मांडला : पैसा रयतेकडून घेता आणि खर्च करता वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं? किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी सुचवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती फारशी कुणी सांगत नाही. शहरांतल्या नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च द्यावा, पण शाळांचा कारभार सगळाच्या सगळा त्यांच्या हाती सोपवू नये, वरून देखरेख हवी. पैसा देणारा आणि त्यावर नजर ठेवणारा एकच असला की काय होतं, हे जोतीराव जाणून होते!

तो महसुलावरचा उपकर अजून आहे. जिल्हा परिषदेत जाल तर ‘सेस फंड’ हा शब्द तुम्हाला पदोपदी ऐकू येईल. “एवढं काम सेसमधून करू” असं सदस्य म्हणतात. हा सेस म्हणजे त्या जुन्या आण्याचाच नातू.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. गावोगावच्या मराठी शाळा त्यांच्याकडे आल्या. कारभार पाहायला निवडून आलेल्या सदस्यांच्या समित्या असतात : शिक्षण समिती, आरोग्य समिती, महिला व बालकल्याण समिती. प्रत्येकीला सभापती. अधिकाऱ्यांना बोलावून ‘पैसे का अडले?’ असं विचारणं हे त्यांचं काम. शिवाय विधिमंडळाची पंचायत राज समिती असते. ती जिल्ह्यात येणार म्हटलं की कार्यालयांत धूळ झटकायला सुरुवात होते, रात्री अकरापर्यंत दिवे जळतात, आणि वर्षानुवर्षं न सापडलेल्या फायली अचानक सापडतात. स्थानिक निधीचे लेखापरीक्षक येतात ते वेगळेच. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठं खर्च झाला हे ग्रामसभेत कुणीही मतदार विचारू शकतो.

पण मी त्या गावी गेलो ते साल ध्यानात घ्या. २०२३. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणुका कोर्टकचेऱ्यांत अडकल्या होत्या. सदस्य नाहीत, सभापती नाहीत, शिक्षण समिती नाही. सगळा कारभार प्रशासक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे. शेवटी निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. म्हणजे त्या तेवीस दिवसांत खाली विचारणारे पालक फडात होते आणि वर विचारणाऱ्यांच्या खुर्च्याच रिकाम्या होत्या. मधे उरले गुरुजी, आज्या आणि एक चौकटींची वही.

राहिलेल्यांची काळजी

जेवण ही त्यातली दिसणारी गोष्ट. न दिसणारी दुसरी आहे. आईवडील सहा महिने गावात नाहीत, आजीला दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा घरात मुलं राहतात. कुणी आजारी पडलं, कुणी त्रास दिला, तर सांगायचं कुणाला? आणि मोठ्या मुलींची तर आणखी एक गोष्ट. ‘तरण्या पोरीला एकटी कशी ठेवायची’ या धास्तीनं आईबाप तिचं लग्नच उरकून टाकतात. पोरगी नववीत असली तरी! २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे खेड्यात तो थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. म्हणजे घरपट्टीची पावती फाडणारा माणूसच बालविवाह रोखणारा अधिकारी! गावात किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समितीही असायला हवी. सरपंच तिचे प्रमुख. अंगणवाडीच्या ताई, शिक्षक, आरोग्यसेविका तिच्यावर असतात, आणि मुलांचे दोन प्रतिनिधीही. हंगामात गावात कोणती मुलं पालकांवाचून राहिली आहेत याची यादी या समितीकडे असली, तर तिच्या निम्म्या कामाला सुरुवात झाली म्हणायची. त्या गावात समिती होती. फलकावर नावंही होती. बैठक कधी झाली होती? यावर सरपंचांनी मला चहा पाजला.

१०९८ हा नंबर मात्र तिथल्या मुलांना पाठ होता, भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता म्हणून. अडचणीतल्या मुलांसाठीचा हा फोन १९९६ मध्ये मुंबईत एक प्रयोग म्हणून सुरू झाला आणि मग देशभर पसरला. पैसे पडत नाहीत. कुणी मारत असेल, कुठं लग्न ठरत असेल, कुणी घरातून पळालं असेल, तर कुठलंही मूल स्वतः फोन करू शकतं.

आता प्रश्न उरतो लेखी तक्रारीचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ म्हणतं, की मुलाच्या हक्काबद्दल तक्रार असेल तर कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करू शकतं, आणि त्याचा निकाल तीन महिन्यांत लावला पाहिजे. नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते. मी हे गुरुजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “तीन महिने? तोवर गाड्या परत निघायची वेळ होईल.”

सरकारला हे सगळं कळत नाही असं नाही. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली : एकेचाळीस तालुक्यांत मिळून ब्याऐंशी वसतिगृहं, पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी. चांगली योजना आहे. पण दुसरीतलं पोर आजीला सोडून तालुक्याला जात नाही. त्याच्यासाठी गावातली ओसरीच लागते.

सव्वीस जानेवारी

मी परत आलो, पण ती वही डोक्यातून जाईना. जानेवारीत गुरुजींचा फोन आला. म्हणाले, “ग्रामसभेला या.”

ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावातले सगळे मतदार. कोरमसाठी शंभर जण किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. गावातली धडधाकट माणसं तर फडावर. त्या दिवशी झेंडावंदनानंतर देवळासमोर जमल्या त्या मुख्यतः म्हाताऱ्या बायका. एरवी ग्रामसभेला बायका मागे बसतात. त्या दिवशी मागेपुढे त्याच होत्या. गटारीचा विषय झाला, पाणीपट्टीचा झाला. मग एक आजी उठली. हीच ती, जिचं रेशन एकटीचं होतं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “मला लिवता वाचता येत न्हाई. ही पोरगी वाचंल, ते माझंच समजा.”

मुलगी उभी राहिली. एक गृहस्थ पुटपुटले, “पोरीसोरी ग्रामसभेत बोलायला लागल्या आता.” सरपंचांनी हात करून त्यांना गप्प बसवलं. (चहा पाजणारे तेच सरपंच. माणसाबद्दल घाईनं मत करू नये, हे मला तेव्हा पटलं.) तिनं वाचलं ते एवढंच : गाडी गेल्याची तारीख, जेवण सुरू झाल्याची तारीख, मधले दिवस, आणि सात नावं. कुणाला दोष दिला नाही, काही मागितलं नाही. वाचून झाल्यावर वही मिटली आणि खाली बसली.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. सात नावांपैकी तिघांच्या आज्या तिथंच बसल्या होत्या.

ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला : पुढच्या वर्षीची पाहणी पोळ्याच्या आधी पुरी करावी, यादी ऑगस्टमध्येच वर पाठवावी, त्या यादीवर मुलांच्या दोन प्रतिनिधींनी सही करावी, आणि प्रत्येक मुलापुढे त्याचे आईवडील ज्या दिवशी निघाले ती तारीख घालावी. शेवटची सूचना त्या मुलीची. तपासणीला आलेल्या साहेबाला मग सात नावं का कमी, ते विचारावंच लागणार नाही, पानावरच दिसेल. मला ती फार आवडली. लेखापरीक्षकांनासुद्धा सुचली नसती.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी गुरुजींना फोन लावला. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती, मतदान २० नोव्हेंबरला. गाड्या तोवर थांबवून धरलेल्या होत्या.

“यादी गेली का गुरुजी?”

“ऑगस्टातच. पोचही आहे माझ्याकडे, शिक्क्याची.”

“आणि मंजुरी?”

“अजून नाही. मतदान झालं की त्याच रात्री गाड्या निघणार.”

मी गप्प बसलो. मग तेच म्हणाले, “पण या वेळी म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. घरटी पायलीभर ज्वारी जमा केलीय. जे कोयते निघालेत ना, त्यांनी उचलीतनं डाळीचे पैसे दिलेत. दोन पोती ज्वारी शाळेच्या खोलीत ठेवलीय, पंधरा-वीस दिवस जातील त्यात. मंजुरी आली की समिती ती परत करणार, असं लिहून घेतलंय.”

“कुणी लिहून घेतलं?”

“कुणी म्हणजे? ती आता सातवीत गेलीय. किल्ली तिच्याकडंच आहे.”